परिषदेतील सत्र : व्याख्यान की जाहिरात?

अनुपान | सोमवार, रात्री 9.40

काल पुण्यातल्याच एका हॉटेलात झालेल्या सीएमईला, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या निरंतर शिक्षणाच्या परिषदेला, मी गेलो होतो. मी वैद्यकीय महाविद्यालयात फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) शिकवतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर पाच वर्षांत 30 श्रेयांक जमवावे लागतात आणि माझे थोडे कमी पडत होते, त्यामुळे केवळ ज्ञानलालसेने गेलो असा आव आणत नाही.

तिसरे सत्र हृदयविकाराचा धोका कमी करणाऱ्या एका गोळीवर होते. वक्ते नामवंत आहेत आणि शिकवतातही उत्तम. पहिली पंचवीस मिनिटे त्यांनी रक्तवाहिनीच्या आतल्या थरात काय घडते ते इतके सुरेख समजावले की दुसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे मी हेच यापेक्षा वाईट शिकवतो, हे मला मनातल्या मनात कबूल करावे लागले. त्यानंतर स्लाइडचा रंग बदलला. हे अक्षरशः सांगतो आहे. पांढरी पार्श्वभूमी जाऊन कडेला केशरी पट्टी आली, आणि तोच केशरी रंग बाहेरच्या स्टॉलवर, आम्हाला दिलेल्या वहीवर आणि पेनावर होता. ब्रँडचे नाव वक्त्यांनी शेवटपर्यंत उच्चारले नाही; त्याची गरजच नव्हती.

एका स्लाइडवर ठळक अक्षरांत ‘धोक्यात 25 टक्के घट’ असे होते. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत मूळ आकडे होते, ते मी मोबाइलवर फोटो काढून मोठे करून वाचले : शंभर रुग्णांत चारांऐवजी तिघांना झटका. शेजारच्या आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून नव्हे, 94 पासून सुरू होत होता, त्यामुळे एका टक्क्याचे अंतर दरीसारखे दिसत होते. शेवटी मागच्या रांगेतल्या एका वयस्क डॉक्टरांनी विचारले, “महिन्याचा खर्च किती येतो, आणि जुनी गोळी चालू असलेल्या रुग्णाची बदलावी का?” सत्राध्यक्षांनी घड्याळ पाहिले, वेळ संपल्याचे सांगितले आणि सर्वांना जेवायला बोलावले.

कोणते वाक्य खोटे होते असे मला विचाराल तर एकही दाखवता येणार नाही. तरीही चाळीस मिनिटांपैकी काही मिनिटे मला कोणीतरी काहीतरी विकत होते, आणि ती नेमकी कोणती हे मला अजून ठरवता आलेले नाही. ही रेघ आपण कुठे ओढाल?


बॅगवाला | सोमवार, रात्री 10.35

मी अकरा वर्षे एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, होतो आणि नंतर चार वर्षे एका कंपनीच्या प्रशिक्षण विभागात काढली. आता या व्यवसायात नाही, म्हणून थोडे मोकळेपणाने लिहितो. कंपनीचे नाव कृपया कोणी विचारू नये.

डॉक्टर, तुम्ही पहिली पंचवीस मिनिटे शिकवण्याची आणि उरलेली प्रचाराची अशी वाटणी करता आहात. आमच्याकडे ती कधीच तशी नव्हती. ती पंचवीस मिनिटे खरी आणि उत्तम असणे हीच आमची गरज होती, कारण श्रोत्याचा विश्वास तिथे बसतो. रक्तवाहिनीचा कोणता थर समजावायचा आणि कोणता सोडून द्यायचा हेसुद्धा पुढे येणारी गोळी कुठे काम करते यावरून ठरत असे. दुसऱ्या कंपनीच्या गोळीसाठी तेच वक्ते बोलले असते तर आजार समजावण्याची सुरुवातच वेगळ्या जागेवरून झाली असती, आणि तीही शास्त्रीयदृष्ट्या तितकीच खरी असती.

वक्ता विकत घेतला जातो असा बाहेरच्यांचा समज असतो, तो बहुतेक वेळा चुकीचा आहे. ज्याचे मत आधीच अनुकूल आहे असा माणूस शोधायचा आणि त्याला व्यासपीठ द्यायचे, एवढेच आमचे काम होते. तो मनापासून बोलतो, म्हणून ऐकणाऱ्यालाही ते पटते. ज्यांचे मत प्रतिकूल होते तेही तितकेच प्रामाणिक होते. आम्ही त्यांना बोलावत नव्हतो, एवढेच. शिवाय जो वर्षातून सहा वेळा एखाद्या औषधावर बोलतो, तो स्वतःच्या दवाखान्यातही तेच लिहू लागतो, हे आमच्या बैठकांत उघडपणे बोलले जाई. श्रोत्यांइतकाच वक्ताही गिऱ्हाईक असतो.

आणि हो, हजेरीचा कागद. श्रेयांकासाठी तुम्ही सही करता, त्याची एक प्रत आमच्याकडे येत असे. पुढच्या आठवड्यातल्या भेटी त्यावरून ठरत.


खजिनदार_पेठेतला | मंगळवार, सकाळी 7.50

एका वैद्यकीय संघटनेच्या शाखेचा हिशेब मी काही वर्षे सांभाळतो आहे, तेव्हा दुसरी बाजूही मांडली पाहिजे. दोनशे माणसांचा कार्यक्रम धरा. ताटाला हजार रुपये म्हटले तरी जेवणाचेच दोन लाख होतात. सभागृह, ध्वनिव्यवस्था, बाहेरगावच्या वक्त्याचा प्रवास हे वेगळेच. नोंदणी शुल्क दोन हजार ठेवले की फोन सुरू होतात, “अहो, अमक्या सीएमईला तर फुकट होते.” महिन्याला चांगली मिळकत असलेला माणूस स्वतःच्या शिक्षणासाठी दोन हजार द्यायला कुरकुरतो आणि मग सत्र प्रायोजित का म्हणून आम्हालाच जाब विचारतो.

नियमांचाही घोळ आहे. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने 2009 मध्ये आचारसंहितेत दुरुस्ती करून कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घेण्यास डॉक्टरांना बंदी केली. 2016 मध्ये त्याच कलमातून डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटना वगळल्या गेल्या. म्हणजे जे एका डॉक्टरने घेतले तर गैरवर्तन ठरते, ते डॉक्टरांच्या संघटनेने घेतले तर त्या कलमात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही असा निकाल दिला, त्याच वर्षी 1 जुलैपासून वर्षाला 20 हजारांवरच्या लाभांवर 10 टक्के टीडीएसही आला, आणि तेव्हापासून कंपन्या कागदपत्रे फार काटेकोर मागतात. कागद चोख झाले आहेत. सत्रे पूर्वीसारखीच आहेत.

आमच्या समितीत प्रायोजक विषय सुचवतो, हे मी नाकारत नाही. तो वक्ताही सुचवतो. आम्ही होकार देतो.


सरासरी | मंगळवार, सकाळी 9.15

मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून फक्त त्या 25 टक्क्यांपुरते लिहितो. शंभरांत चारांचे तीन झाले, म्हणजे चारातला एक गेला, म्हणून 25 टक्के. हे बरोबर आहे. शंभर जणांनी ठरलेला काळ गोळी घेतली तर एकाचा झटका टळला, उरलेल्या नव्व्याण्णवांच्या बाबतीत निष्पत्ती तीच राहिली. हेही तितकेच बरोबर आहे. दोन्ही वाक्ये एकाच सारणीतून निघतात. जो शिकवतो तो दोन्ही सांगतो आणि साइड इफेक्ट्सनाही तोच हिशेब लावतो. बहुतेक ठिकाणी फायदा टक्क्यांच्या घटीत सांगतात आणि तोटा शंभरातल्या संख्येत, म्हणजे फायदा मोठा दिसतो आणि तोटा लहान. माझ्यापुरती रेघ इथे आहे, आणि ती मोजपट्टीने दाखवता येते.

जेवणाचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतो. 2016 मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या सुमारे 2 लाख 80 हजार डॉक्टरांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंपनीकडून एकच जेवण घेतलेल्यांतही त्या ब्रँडचे प्रिस्क्रिप्शन जास्त आढळले, आणि त्या जेवणांची सरासरी किंमत 20 डॉलरांहून कमी होती. जेवणामुळेच प्रिस्क्रिप्शन वाढले असे त्या अभ्यासातून सिद्ध होत नाही. मुळात अनुकूल असलेलेच जेवायला गेले असतील. पण “एका थाळीने माझे मत बदलत नाही” असे छातीठोक सांगणाऱ्यांनी तो वाचावा.


सुईदोरा | मंगळवार, रात्री 11.05

शल्यचिकित्सक आहे, दिवसभर थिएटरमध्ये होतो, म्हणून उशिरा लिहितो आहे. वरील सर्व चर्चा गोळ्यांची चालली आहे. आमच्याकडे हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण गोळीवर बोलताना गोळी हातात लागत नाही, शस्त्रक्रिया शिकवताना मात्र स्टेपलर हातात लागतो.

आतड्याचे दोन तुकडे स्टेपलरने जोडायला मी एका कार्यशाळेत शिकलो. उपकरणे कंपनीची, सरावासाठी आणलेले जनावराचे आतडे कंपनीने पुरवलेले, आणि शिकवणारे सर अत्यंत निःस्पृह. कोणीही अतिशयोक्ती केली नाही. सरांनी तर सुरुवातीलाच सांगितले की हाताने घातलेले टाके अनेक ठिकाणी तितकेच चांगले चालतात. तरीसुद्धा आज इतक्या वर्षांनी माझा हात त्याच कंपनीच्या दांड्याकडे जातो, कारण किती दाबले की ‘खट्’ होते आणि त्यानंतर किती सेकंद थांबायचे ते माझ्या बोटांना त्याच यंत्राचे ठाऊक आहे. दुसऱ्या कंपनीचा स्वस्त स्टेपलर आमच्या रुग्णालयाने आणला तेव्हा मी आठवडाभर कुरकुर केली, आणि तिची कारणे मी शास्त्रीय म्हणून सांगितली. ती शास्त्रीय नव्हती.

सांगायचा मुद्दा असा की प्रचाराला खोट्या आकड्याची किंवा केशरी पट्टीचीही गरज नसते. ज्यावर शिकलो ते आपले होते. म्हणून मी स्वतः निवासी डॉक्टरांना शिकवतो तेव्हा आधी हाताने जोड घालायला लावतो, मगच यंत्र देतो, आणि शक्य झाले तर दोन कंपन्यांची यंत्रे टेबलावर ठेवतो. एखाद्या रात्री यंत्र अडकले तर रुग्णाचे पोट उघडे असताना प्रतिनिधीला फोन लावता येत नाही. त्या वस्तूवाचून विद्यार्थ्याचे अडू नये इतके त्याला आले, तर मी त्याला शिकवणे म्हणतो.


कातरबल | बुधवार, दुपारी 1.30

सुईदोरा यांनी जे लिहिले ते अभियांत्रिकीतही तंतोतंत घडते. आमच्याकडे उन्हाळी सुट्टीत अध्यापकांसाठी पाच दिवसांच्या कार्यशाळा होतात, आणि त्यांतल्या कित्येक कार्यशाळांत सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा माणूसच शिकवायला येतो. एका कार्यशाळेत मी शेवटच्या दिवशी सहभागी अध्यापकांना विचारले : एका टोकाला घट्ट बसवलेली तुळई आहे, मोकळ्या टोकावर भार आहे, टोक किती वाकेल? पडद्यावर सर्वांची लाल-निळी चित्रे तयार होती आणि खाली आकडाही होता. तो आकडा बरोबर आहे का, असे विचारल्यावर सभागृह शांत झाले. हे दुसऱ्या वर्षाचे सूत्र आहे, पीएल घन भागिले तीन ईआय, वहीत दोन ओळींचे गणित. ते केल्यावर निम्म्यांचे उत्तर हजारपट चुकलेले निघाले, कारण मिलिमीटर आणि मीटर यांची सरमिसळ झाली होती. पाच दिवस आम्ही कोणते बटण कुठे आहे ते शिकलो होतो.

म्हणून मी आता मुलांना तोच प्रश्न आधी कागदावर आणि मग मुक्त सॉफ्टवेअरवर करायला लावतो. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने यासाठी चांगले साहित्य केलेले आहे आणि त्यांच्याकडच्या स्पोकन ट्युटोरियलचे काही धडे मराठीतही आहेत.


सरासरी | बुधवार, दुपारी 2.10

कातरबल, आपली शेवटची दोन वाक्ये पुन्हा वाचावीत. हा प्रचारच झाला. वस्तू फुकट असली म्हणून तिचा प्रचार शिक्षण ठरत नाही.


कातरबल | बुधवार, दुपारी 2.25

मान्य. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काही गोष्टी जमत नाहीत आणि त्या वर्गात सांगायचे मी टाळतो, हेही कबूल करतो. उद्यापासून सांगेन.


रात्रपाळी | बुधवार, रात्री 2.40

मी निवासी डॉक्टर आहे, दुसरे वर्ष. वरिष्ठांच्या चर्चेत थोडक्यात लिहिते. आमच्या विभागातून परिषदेला संशोधनाचे पोस्टर घेऊन जाताना पोस्टरच्या कोपऱ्यात ‘हितसंबंध : नाहीत’ असे छापावे लागते. मी ज्या औषधावर पोस्टर केले ते औषध आम्हाला नमुना म्हणून फुकट मिळाले होते. मी तसे लिहू का, असे विचारल्यावर मला सांगण्यात आले की ती ओळ सगळ्यांचीच तशी असते, बदलू नकोस. मी बदलली नाही. पोस्टरला बक्षीस मिळाले. तेव्हापासून व्यासपीठावरून वक्ता हितसंबंधांची पहिली स्लाइड अर्ध्या सेकंदात पुढे ढकलतो तेव्हा त्यावर काय होते ते मी वाचायचा प्रयत्न करते, आणि आजवर एकदाही जमलेले नाही.


अनुपान | गुरुवार, रात्री 10.15

बॅगवाला यांच्या उत्तराने माझा प्रश्नच बदलला, त्याबद्दल आभार. मी रेघ त्या चाळीस मिनिटांच्या आत शोधत होतो. ती कार्यक्रमपत्रिका छापण्याआधीच ओढली गेली होती असे दिसते.

याचा सर्वांत बोलका पुरावा न्यायालयातल्या कागदांत आहे. गॅबापेंटिन हे औषध अमेरिकेत 1993 मध्ये अपस्मारावर, दुसऱ्या औषधाच्या जोडीने देण्यासाठी मान्य झाले. पण ते वेदना आणि मनोविकारांसारख्या मान्यता नसलेल्या कारणांसाठीही खपवले गेले. डेव्हिड फ्रँकलिन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने 1996 मध्ये ते विकणाऱ्या वॉर्नर-लँबर्ट कंपनीत काही महिने काम करून नोकरी सोडली आणि दावा लावला. 2004 मध्ये वॉर्नर-लँबर्टने गुन्हा कबूल केला आणि 43 कोटी डॉलर भरायचे मान्य केले. सरकारच्या आरोपांत वैद्यकीय शिक्षणाचे कार्यक्रमही होते. ‘स्वतंत्र’ म्हणवल्या जाणाऱ्या त्या कार्यक्रमांचे विषय, वक्ते, आशय आणि श्रोते यांत कंपनीचा हात होता. एका ठिकाणी तर वक्ता प्रतिकूल बोलणार असे कळल्यावर औषधाचे गुण पुढे येतील असे प्रश्न विचारण्यासाठी श्रोत्यांत माणसे बसवली गेली होती. म्हणजे प्रश्नोत्तरांचा वेळसुद्धा आपोआप सुरक्षित नसतो. ज्या शहरात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि जिथला श्रोता वक्त्याला सोडत नाही अशी ख्याती आहे, तिथे आम्ही मात्र एका प्रामाणिक प्रश्नाला जेवणाची घंटा वाजवून गप्प केले, ही रुखरुख वेगळी.

खजिनदारांनी नियमांचा विषय काढला, त्यात भर घालतो. 2009 च्याच दुरुस्तीत असेही आहे की डॉक्टरने कोणत्याही औषधाची वा उत्पादनाची जाहीर शिफारस करू नये. अभ्यास असेल तर तो योग्य शास्त्रीय संस्थांपुढे किंवा नियतकालिकांत योग्य रीतीने मांडावा. आता परिषद हे ‘जाहीर’ ठिकाण की ‘शास्त्रीय संस्था’? दोन्ही म्हणता येते, आणि सगळी सत्रे त्या फटीत भरतात. केंद्राने 12 मार्च 2024 रोजी औषधविक्रीची जी समान संहिता काढली तिने कंपन्यांच्या पैशाने होणारी सीएमई परदेशात घ्यायला बंदी केली आणि खर्चाचा तपशील संकेतस्थळावर जाहीर करायला सांगितला. त्यातला मला आवडणारा भाग शब्दांचा आहे. भारतात वर्षाहून अधिक काळ सर्रास मिळणाऱ्या औषधाला ‘नवे’ म्हणायचे नाही आणि ‘सुरक्षित’ हा शब्द मर्यादा सांगणारी पुस्ती जोडल्याशिवाय वापरायचा नाही. रविवारच्या सत्राची माझी टिपणे काढून पाहिली. ‘सुरक्षित’ सात वेळा, पुस्ती एकदाही नाही. संहिता कंपनीला लागू होते; वक्ते कंपनीचे नोकर नव्हते.

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाला मान्यता देणाऱ्या एसीसीएमईचे नियम याहून थेट आहेत. स्लाइडवर कंपनीचा लोगो किंवा ब्रँडचे नाव चालत नाही, आणि ज्या सभागृहात शिकवले जाते तिथे सत्राच्या आधी वा नंतर अर्ध्या तासाच्या आत विक्रीचा कार्यक्रम घेता येत नाही. केशरी पट्टीचे काय, हे मात्र त्यांनाही बघावे लागेल.


खजिनदार_पेठेतला | शुक्रवार, सकाळी 8.05

आमच्या शाखेची पुढची परिषद पावसाळ्यानंतर आहे. पैसे प्रायोजकाकडूनच येणार, त्याला तूर्त इलाज नाही, परंतु ते एका सत्राच्या नावावर न घेता सगळे एकत्र घ्यायचे आणि विषय समितीने आधी ठरवायचे, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. प्रायोजकांपैकी निम्मे जातील असा माझा अंदाज आहे. जेवणात एक गोड पदार्थ कमी करू.

शिवाय प्रत्येक वक्त्याकडून एक अर्ज भरून घ्यायचा विचार आहे : स्लाइड मी स्वतः तयार केल्या आहेत, फायदा आणि तोटा एकाच मापात दिले आहेत, जुन्या व स्वस्त पर्यायाशी तुलना केली आहे, हितसंबंधांची स्लाइड वाचून दाखवीन. प्रश्नांसाठी दहा मिनिटे राखीव, आणि ती सत्राध्यक्षाला कापता येणार नाहीत. यात काही राहिले असेल तर कळवावे.


बॅगवाला | शुक्रवार, सकाळी 9.30

खजिनदार साहेब, तो अर्जही कंपनीच भरून देईल. वक्त्याला फक्त सहीसाठी पाठवेल, कारण डॉक्टरांना वेळ नसतो. त्याऐवजी पंधरा दिवस आधी स्लाइडची मूळ फाइल मागवा, पीडीएफ नको. फाइल कोणी तयार केली आणि शेवटचा बदल कोणी केला ते बहुधा तिच्या माहितीत दिसते. आमच्या काळात ते पुसायचे कोणाच्या लक्षात येत नसे. आता येत असेल, तरी मागून पाहा.

आणि महिन्याच्या खर्चाची एक स्लाइड सक्तीची करा. ती आमच्या स्लाइडच्या संचात कधीच नसे, म्हणून ती वक्त्याला स्वतःच करावी लागेल.


खजिनदार_पेठेतला | शुक्रवार, सकाळी 9.50

दोन्ही घेतले. रात्रपाळी, हितसंबंधांची स्लाइड किमान तीस सेकंद पडद्यावर ठेवायची असेही लिहितो आहे. घड्याळ लावून बसायला समितीला एक माणूस हवा आहे, रात्रपाळी नसेल तर अवश्य या.